खरबुजाचा वास

१६ सप्टेंबर, मंगळवार

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिगारेट सोडायची तर हात रिकामा ठेवू नका."

"मग हातात धरू काय?"

"पेन धरा. तलफ आली की लिहा. काहीही लिहा."

म्हणून ही वही. तीस वर्षं मुलांना भूमापन शिकवतोय. वहीत उंच्या आणि कोन लिहायची सवय आहे, स्वतःबद्दल लिहायची नाही. तरी लिहितो. मेडेर, वय सत्तावन्न. दोन जिने चढलो की कठडा धरून खिडकीबाहेरची पाखरं बघत उभा राहतो. पाखरं नसतात. श्वास परत यायची वाट बघत असतो.

बायकोने, बुरूलने, कोटाचे दोन्ही खिसे कुरुतने, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांनी, भरून दिलेत. "तोंड चालू ठेव, म्हाताऱ्या." दुपारपर्यंत इतक्या खारट गोळ्या चघळल्या की जीभ सोलवटली. तलफ आहे तिथेच आहे.

१८ सप्टेंबर

ओढली. इमारतीमागे, कोळशाच्या ढिगाआड. एकच.

लिहायचं ठरलंय म्हणून लिहिली.

२३ सप्टेंबर

आज वर्ग सुटल्यावर कुंदुझ मागे थांबली. चौथ्या वर्षाची, माझ्याच गटातली. नारिनकडच्या डोंगरातली मुलगी, बाप मेंढ्या राखतो, ही इथे बिश्केकला वसतिगृहात राहते. कोन मोजायची दुर्बीण, थिओडोलाइट, तिपाईवर इतक्या झटक्यात समतल करते की मी मुद्दाम तिलाच आधी बोलावतो, म्हणजे बाकीच्यांना लाज वाटते.

"आगाय," इथली सगळी पोरं सरांना म्हणतात तसं ती म्हणाली, "रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल."

"गेल्या आठवड्यात तुम्ही रोज ओरडलात. एकदा तर फळ्यावर."

"फळ्यावर म्हणजे?"

"फळ्यालाच. आम्ही अजून वर्गात आलोच नव्हतो."

मग तिने बाहीतून अंगठ्याएवढी एक निळी वेपची नळी काढली आणि टेबलावर ठेवली. "ही नवी आहे. माझ्यासाठी घेऊन ठेवली होती, तोंड लावलेलं नाही. हिच्यावर या, मग हळूहळू हीही सोडा. माझ्या मामाने तशीच सोडली."

"तू ओढतेस?"

"आगाय, तुम्ही विचारा कोण ओढत नाही. ते सांगायला सोपं जाईल."

"मुलीसुद्धा?"

"मुली तर जास्तच. सिगारेट ओढली की केसांना वास येतो. मग मावशीला कळतं, मग गावाला कळतं, मग पोरगी वाया गेली. हिला फळाचा वास येतो. सुट्टीत घरी गेले की आई जवळ घेऊन हुंगते आणि म्हणते, शहरात माझ्या लेकीला फळं तरी खायला मिळतात."

हसावं की दटावावं ते कळलं नाही. म्हटलं, "जुलैपासून बंदी आहे ना या वस्तूला?"

"आहे ना. म्हणून तर मिळवायला त्रास पडतो."

मी ती नळी तिला परत दिली. म्हणजे देणारच होतो. तोवर ती निघून गेली होती.

३० सप्टेंबर

सिगारेटला आठवडाभर शिवलेलो नाही. हे ठळक लिहून ठेवतो.

नळी औषध म्हणून घेतोय. सकाळी एकदा, दोन तासिकांच्या मध्ये एकदा, आणि घरी जाताना. खरबुजाची चव आहे. आधी पोरकट वाटली, आता वाटत नाही. वास पाच मिनिटांत जातो, खिडकी उघडली की लगेच. कोणाला पत्ता नाही. आज दुसऱ्या मजल्यावर थांबलोच नाही, सरळ वर गेलो.

कुंदुझला सांगितलं की बरं वाटतंय. ती म्हणाली, "हळूहळू कमी करायचं बरं का, आगाय." मुलीच्या जातीला उपदेश करायची फार हौस.

९ ऑक्टोबर

रोझा इशेनोव्नाने बोलावलं. ती आमची डीन. आम्ही एका बाकावर शिकलो, त्यामुळे खुर्चीत बसली तरी मला अरेतुरे करते आणि मीही तिला करतो.

"मेडेर, तू सिगारेट सोडलीस म्हणे?"

"सोडली."

"तीस वर्षांची?"

"त्याहून जास्त."

ती उठून माझ्याकडे आली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी. तिचा नवरा फुप्फुसानेच गेला, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातच नव्हतं. म्हणाली, "पोरांसमोर बोल. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. वसतिगृहात दर खोलीत ती फळांच्या वासाची भानगड शिरली आहे. तुझ्यासारख्याने सांगितलं तर वजन पडेल."

नाही म्हणायला हवं होतं का? पण सिगारेट मी सोडलीच आहे. त्यात खोटं काय?

१५ ऑक्टोबर

मोठ्या सभागृहात भाषण केलं. चांगलं झालं. फुप्फुसाचं चित्र दाखवलं, जिन्यावरच्या पाखरांची गोष्ट सांगितली, मुलं हसली. शेवटी एकाने उभं राहून विचारलं, "आगाय, सोडताना तुम्हाला सगळ्यात जास्त मदत कशाची झाली?"

"इच्छाशक्तीची," मी म्हणालो.

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "कुठल्या चवीत मिळते, आगाय?" आणि सगळं सभागृह हसत सुटलं. टाळ्या किती वेळ थांबेचनात. विनोद मला नीट कळला नाही, पण मुलांना भाषण आवडलं हे नक्की. पुढच्या ओळीत कुंदुझ तेवढी हसत नव्हती. बुटांकडे बघत होती.

उतरल्यावर थेट नकाशांच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. मग खिडकी उघडली.

२९ ऑक्टोबर

नवा आदेश आला. विद्यापीठाच्या आवारात किंवा वसतिगृहात वेप सापडली तर शिस्त समितीसमोर उभं राहायचं. समितीने दोषी ठरवलं तर वसतिगृहातली जागा जाते. समितीत तिघं: रोझा, युवक विभागाचा सिमीक, आणि मी. मी अध्यक्ष.

सिमीक तरुण आहे, गळ्यात कायम टाय, बोलताना प्रत्येक वाक्याला बोट वर करतो. "तुमच्यासारखं उदाहरण डोळ्यांसमोर असताना, आगाय, दुसरं नाव सुचलंच नाही."

मी होकार दिला. अध्यक्ष समजूतदार असला तर मुलांचंच भलं होईल, असा विचार केला. शिवाय नळी मी कमी करतोच आहे. कधी कधी सकाळची चुकवतो.

५ नोव्हेंबर

पहिलं प्रकरण. तलासकडचा पहिल्या वर्षाचा एक उंच मुलगा, उशीखाली दोन सापडल्या. विचारलं, का ओढतोस? म्हणाला, "इथे माझ्या ओळखीचं कोणी नाही, आगाय. ती हातात असली की चार जण जवळ येऊन उभे राहतात."

रोझाचं मत होतं, ताकीद द्यावी. मी म्हणालो, पहिल्याच वेळी ढील दिली तर आदेशाला अर्थ राहणार नाही. मुलाने जागा गमावली. पाठमोरा जाताना त्याचं जाकीट खांद्यावर आखूड दिसत होतं.

कठोर झालो, पण न्यायाने झालो. असंच लिहितो.

रात्रीच्या जेवणाला बुरूलने मटण भरलेली मांती वाफवली होती. वाफाळलेलं ताट माझ्यासमोर ठेवता ठेवता म्हणाली, "नोव्हेंबर लागला तरी आपल्या घरात खरबुजाचा वास येतोय. नवल आहे."

"शेजाऱ्यांनी गच्चीत साठवली असतील."

"असतील," ती म्हणाली. "कोटात साठवतात वाटतं हल्ली."

कोटात का म्हणाली, कुणास ठाऊक. तिचं बोलणं असंच तिरकं असतं.

१२ नोव्हेंबर

नळी बंद पडली. रात्रभर चार्जिंगला लावली तरी दिवा लागत नाही. अशी पंचाईत झाली की विचारू नका.

कुंदुझ नकाशे परत करायला आली होती. मी तिला काही मागितलं नाही, हे स्पष्ट लिहितो. मी फक्त म्हणालो, ती चालत नाहीये. आणि थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिलो.

तिने हात पुढे केला. "द्या. तिलेक फोन दुरुस्त करतो, त्याला दाखवते. उद्यापरवा आणून देईन."

"सध्या तपासणी कडक आहे."

"माहीत आहे, आगाय. आदेशावर अध्यक्ष म्हणून तुमचीच सही आहे."

दारातून परत वळून म्हणाली, "सोडायची ही चांगली संधी आहे, नाही का?" मी मान डोलावली. तरी नळी तिने नेली, आणि मी नेऊ दिली.

१४ नोव्हेंबर

हाताला काम नाही. पेन तीन वेळा पडलं. आज आवारात मुलांना थिओडोलाइटवर पाहायला बसवलं आणि स्वतः दाखवायला गेलो तर भिंगातला समोरचा पोपलार नाचायला लागला. झाड नाचत नव्हतं, माझी बोटं नाचत होती. एका मुलाने म्हटलं, "आगाय, वारा आहे." वारा अजिबात नव्हता. शहरावर कोळशाचा धूर असा बसला होता की समोरची इमारत पुसली गेली होती. नुसतं चालत होतो तरी भरपूर ओढून झालं असेल, मग मनाला का पटत नाही?

कुरुत. चहा. परत कुरुत. बुरूलवर ओरडलो, बशी वाजली म्हणून. ती बशी उचलून आत गेली.

कुंदुझ दिसली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सविस्तर लिहायला हवं.

समिती दहाला बसली. सिमीकने कागद वाचला: चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी, वसतिगृहाच्या दारात पिशवी तपासताना वस्तू सापडली. दार उघडलं आणि कुंदुझ आत आली. मला वाटलं, काहीतरी कागद आणून द्यायला आली असेल. ती खुर्चीजवळ उभी राहिली तेव्हा कळलं.

सिमीकने टेबलावर नळी ठेवली. निळी. टोकाला माझ्या दातांची खूण.

"ही तुझी?" रोझाने विचारलं.

"हो."

"किती दिवसांपासून ओढतेस?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"कोणी आणून दिली?"

"बाजारातून घेतली."

तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहत होतो की नळीकडे, ते आता आठवत नाही. सिमीक म्हणाला, "अध्यक्षांना काही विचारायचं आहे?"

मी म्हणालो, "नाही."

एवढाच शब्द बोललो मी आज. रोझाने निकाल आठवडाभर पुढे ढकलला, कारण मुलीचे गुण चांगले आहेत, तिला विभागाचं मत मागवायचं होतं. म्हणजे माझंच. तोवर वसतिगृहाची किल्ली जमा करून घेतली.

नळीचा दिवा लागत होता. तिलेकने दुरुस्त केलेली दिसते.

१८ नोव्हेंबर

नीट विचार केला पाहिजे. मी बोललो तर काय होईल? नोकरी जाईल किंवा जाणार नाही, पण तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मुलांचा सिगारेट सोडण्यावरचा विश्वास उडेल. रोझाला किती वाईट वाटेल. म्हणजे न बोलणंच सगळ्यांच्या हिताचं. कुंदुझ स्वतः ओढते, हे तिने मान्य केलंच आहे. म्हणजे खोटा आळ नाही. विभागाचं मत मी फार चांगलं लिहीन. गुणी, कष्टाळू वगैरे.

हे लिहून वाचलं. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

२० नोव्हेंबर

बसथांब्यावर ती भेटली. डोक्यावरून शाल, नाक लाल. शहराच्या टोकाला नव्या वस्तीत तिच्या मावशीचं घर आहे, तिथे राहते म्हणाली. तिथून बस भरून येते, दोन सोडाव्या लागतात.

मी म्हणालो, "कुंदुझ, मी..."

"तुम्ही काही बोलू नका, आगाय." आजूबाजूला बघून ती हळू आवाजात बोलली. "मी हिशोब केलाय. माझ्याकडे वेप सापडली तर वसतिगृह जातं. तुमच्याकडे सापडली तर तुम्ही जाता. मग जूनमध्ये आमच्या प्रबंधावर सही कोण करणार? सिमीक?"

"तू माझ्यासाठी खोटं बोललीस."

"तुमच्यासाठी नाही. मी पण ओढतेच ना? आज नाही तर उद्या सापडलेच असते. आणि ती तुम्हाला दिली कोणी? मीच." मग हसली, पण गालांवर ते हसू टिकलं नाही. "खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्ही तिथे काहीतरी बोलाल. बोलला नाहीत तेव्हा वाईट वाटलं. मग घरी जाताना वाटलं, मी तरी बोलले असते का? मावशीला अजून सांगितलं नाहीये मी. वसतिगृहात पाइप फुटला म्हणून आलेय असं सांगितलंय."

बस आली. दार बंद होईना इतकी गर्दी. तिची पिशवी बाहेरच राहिली होती, मी ती आत ढकलली.

२१ नोव्हेंबर

आज बुरूल सहज विचारावं तसं विचारून गेली, "ती नारिनची पोर हल्ली झोपते कुठे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या विद्यापीठातलं कळायला मला विद्यापीठात यावं लागत नाही. कुठे झोपते?"

"मावशीकडे. नव्या वस्तीत."

"तिथे पाणी टँकरचं आहे." ती पीठ मळत होती. "मेडेर, मी तुला एक विचारते. दोन महिने झाले. रोज तुझ्या उशीला फळाचा वास, आणि मी रोज अभ्रा धुते. तुला काय वाटलं, मला सर्दी झाली आहे?"

मी पिठाच्या डब्याचं झाकण उगाचच लावलं.

"सिगारेटच्या वासापेक्षा बरा म्हणून गप्प बसले. लपवतोस तर लपव, म्हातारपणी पोरखेळ करू दे, म्हटलं. पण परक्याची लेक तुझ्यापायी थंडीत उभी राहणार असेल, तर मला तो वासही नको आणि तूही नकोस."

एवढं बोलून तिने नान भाजायला घेतलं. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. सगळ्यांनाच ठाऊक होतं का? त्या दिवशी सभागृहात... इच्छाशक्ती कुठल्या चवीत मिळते...

देवा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून कुरुत नाही, चहा नाही.

समिती बसली. रोझाच्या हातात विभागाच्या मताचा कागद. मी तो कोराच पाठवला होता. तिने तो उलटून पाहिला. "मेडेर, हे काय?"

कुंदुझ भिंतीशी उभी होती. मी उठलो. भाषण तयार केलं होतं, त्यातला शब्द आठवेना. म्हणालो, "ती नळी माझी आहे."

सिमीकने बोट वर केलं आणि हसला. अगदी मनापासून, कौतुकाने. "आगाय, तुमचं मन किती मोठं आहे हे आम्हाला माहीत आहे. पण विद्यार्थिनीला वाचवायला तुम्ही स्वतःवर घ्यावं, हे काही बरोबर नाही."

"वाचवत नाहीये. माझी आहे."

रोझा म्हणाली, "बस खाली, मेडेर. नाटकं पुरे. तिच्या गुणांचा विचार मी करतेच आहे."

विश्वासच बसेना त्यांचा! हे मी धरलंच नव्हतं. नोकरी जाईल, हसं होईल, सगळं धरलं होतं. खरं बोललो आणि त्यालाही माझा मोठेपणाच समजतील, हे नव्हतं धरलं. क्षणभर मनात आलं, आता बसावं. मी सांगून मोकळा झालोय. त्यांनी मानलं नाही तर माझा काय दोष?

हे मनात आलं होतं, तेही लिहून ठेवतो.

मग मी टेबलापाशी गेलो, पुराव्याच्या पिशवीतून नळी काढली आणि तोंडाला लावली. दिवा लागला. ओढली. छातीत पूर्ण भरली आणि सोडली. समितीच्या टेबलावर, हजेरीपटावर, सिमीकच्या टायवर खरबुजाचा ढग पसरला.

आणि खरं सांगतो, इतकं बरं वाटलं! बारा दिवस मिळाली नव्हती. खांदे सैल पडले, बोटं थांबली. प्रात्यक्षिक एका झुरक्यात संपलं होतं. मी दुसरा घेतला.

"मेडेर!" रोझा ओरडली.

तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. माझा चेहरा काय झाला होता ते मला दिसलं नाही, पण रोझाला दिसला. तिने तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं, पण या वेळी तिने माझा हात धरला नाही.

मी सगळं सांगितलं. नळी कुंदुझने माझ्या कळवळ्याने दिली, मी परत केली नाही. बिघडली तेव्हा मी तिच्याकडे बघत राहिलो, म्हणजे मागितलीच. मागच्या सोमवारी मी इथे बसून 'नाही' म्हणालो. तलासच्या त्या मुलाला मी खिशात हीच नळी ठेवून बाहेर काढलं. त्याला परत बोलवा.

"आणि ती इच्छाशक्ती?" रोझाने विचारलं.

"नव्हती."

मग भिंतीशी हालचाल झाली. कुंदुझ पुढे आली, बुटात हात घालून एक गुलाबी नळी काढली आणि माझ्या निळीशेजारी ठेवली. "ही माझी. ती तुम्हाला सापडलीच नव्हती. आगाय एकटेच खरे ठरणार असतील तर मला ते चालणार नाही."

सिमीकला काय लिहावं कळेना. तो दोन्ही नळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला. रोझा खिडकी उघडायला गेली आणि तिथेच उभी राहिली. बाहेरचा धूर आत यायला लागला तशी खिडकी परत लावली.

"दोघंही बाहेर जा," ती म्हणाली. "मला तुमच्याकडे बघवत नाहीये."

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. कुंदुझने नाक पुसलं आणि विचारलं, "दुसरा कशाला घेतलात?"

"राहवलं नाही."

ती हसायला लागली. रडतही होती बहुतेक. मी विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर

निकाल लागला. मी समितीवरून काढला गेलो आणि ठपक्याचा कागद सूचनाफलकावर लागला आहे. वर्ग या वर्षअखेरपर्यंत माझ्याकडे राहतील, पुढचं पुढे. कुंदुझला किल्ली मिळाली, तलासच्या मुलालाही मिळाली. त्यांना आणि मला एकच अट: दर शनिवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर हजर व्हायचं. रोझा माझ्याशी बोलत नाही. जिन्यात भेटली तर भिंतीकडे तोंड करते. ते मला सगळ्यात जड जातं. तिचा नवरा माझाही मित्र होता.

फलकासमोर मुलं घोळक्याने उभी होती. मी आलो तशी बाजूला झाली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बुरूलने अभ्रा धुतला. म्हणाली, "हा शेवटचा."

मी म्हटलं, "बघू." तिने ओला अभ्रा तसाच माझ्या अंगावर फेकला.

८ डिसेंबर, सोमवार

आजची तासिका उंचीच्या गणितांची. बाहेर बर्फ, आत रेडिएटर तापलेला. अर्धा तास झाला आणि मला बसवेना, उभं राहवेना. खडू मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. अंगातून मुंग्या चालल्या होत्या. वर्गाकडे वळलो तर कुंदुझ बाकाच्या कडेवर बोटांनी ठोके देत होती. तिच्या मागचा मुलगा पाय हलवत होता, इतका की त्याचं अख्खं बाक थरथरत होतं. खिडकीशी एक मुलगी पेनाचं टोपण चावून सपाट करत होती. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं. वर्ग रोज असाच असणार.

मी खडू खाली ठेवला.

"मला तलफ आली आहे," मी म्हणालो. "डॉक्टरीणबाई म्हणतात, आली की चालायला लागा, पाच-सात मिनिटांत उतरते. मी खाली आवारात चालायला जातोय. तुम्ही गणितं सोडवा. मी येतो."

कोट चढवून उतरलो. आवारात पोपलारांच्या रांगेभोवती बर्फातून चालू लागलो. श्वास लागत होता तरी थांबलो नाही. पहिली फेरी होता होता मागे बर्फ चुरचुरला. कुंदुझ. टोपी न घालताच आली होती. माझ्या बरोबरीने चालू लागली. बोलली काहीच नाही.

दुसऱ्या फेरीला तो पाय हलवणारा मुलगा आला. मग टोपण चावणारी मुलगी, तिच्याबरोबर आणखी दोघी. मग दार उघडंच राहिलं आणि त्यातून एकेक जण बाहेर येत राहिला. माझ्या वर्गातले, मग दुसऱ्या वर्गातले, ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत असे. हात खिशात, माना खाली. कोणी कोणाला विचारलं नाही की तू का आलास. वरच्या मजल्यावर एका खिडकीचा पडदा सरकला. रोझाची खिडकी.

फेरी मारून परत वळलो तेव्हा समोरून येणारी रांग दिसली. आम्ही सगळे एकाच गोलात फिरत होतो, आणि गोल जवळजवळ पूर्ण भरला होता.